खसखशीची पुरचुंडी

फोन आला तेव्हा मी बर दुबईतल्या आमच्या फराळाच्या दुकानात, मागच्या खोलीत, चकलीचं पीठ मळत होते. हात भरलेले, म्हणून नवऱ्यानं रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडे हालीनावहिनी होत्या. "शुभांगी, सदा गेला. सकाळी अंगणात लाकडं फोडत होता, तसाच पडला." त्यांच्या मागे कुणीतरी पोलिशमध्ये प्रार्थना म्हणत होतं, एकसुरी, आपल्याकडे म्हाताऱ्या बायका स्तोत्र पुटपुटतात तशी. मी म्हटलं, "वहिनी, रडून घ्या हो." त्या म्हणाल्या, "नंतर. आधी खड्डा खणायचाय. जमीन दगडासारखी झालीय." मग फोन तुटला की त्यांनी ठेवला, कळलं नाही... मी पुन्हा पीठ मळायला लागले, कारण ऑर्डर होती आणि दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. संध्याकाळी शारजाला परतताना अल नहदाच्या वळणावर मला रडू फुटलं, तेव्हा गाडी चालवता चालवता नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, सुटला बिचारा." मला त्याचा असा संताप आला! सुटला म्हणे. ज्या माणसाला त्याच्या घरापासून, मुलीपासून तोडून या देशातून बाहेर टाकलं, तो कुठून सुटला आणि कशातून?

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सदाभाऊंविषयी लिहू का, असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. सगळं खरं लिही. आईला मराठी वाचता येत नाही." हे शेवटचं वाक्य त्या का म्हणाल्या, ते पुढे कळेल.

सदाभाऊ म्हणजे अल नहदातल्या आमच्या मजल्यावरचे समोरच्या दाराचे शेजारी. एका बांधकाम कंपनीत लिफ्ट आणि पाण्याचे पंप बघणारे इंजिनियर. वडील रेल्वेत, सतत बदल्या. लहानपण दौंड, मिरज, भुसावळ असं क्वार्टर बदलण्यात गेलेलं. "तुमचं गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की इतर मराठी माणसं छाती फुगवून सांगतात. सदाभाऊ मात्र "पोलंडमध्ये आहे, लहानसं" म्हणायचे, आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचे. शिष्यवृत्तीवर ते तिकडे शिकायला गेले होते. सुट्टीत विद्यार्थ्यांना खेड्यात बटाटे काढायला पाठवत, तसे यांनाही पाठवलं. तिथे ज्यांच्या गोठ्यावरच्या माळ्यावर मुक्काम होता, त्या घरची मुलगी म्हणजे हालीना. लग्न करून तिला आधी पुण्याला आणली, मग अबुधाबी, मग शारजा. वहिनी पुण्यात सासूच्या हाताखाली मराठी शिकल्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात "अगं बाई" आणि "काय मेलं उन्ह" हे सदाशिव पेठेतल्यासारखं ठसक्यात येई, फक्त "ळ" काही जन्मात आला नाही.

त्या गावाला, म्हणजे गावांच्या झुबक्याला, तिकडे ग्मीना म्हणतात. दहाबारा वाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत समजा. सदाभाऊ आमच्याकडे चहाला आले की माझ्या फराळाच्या ताटातून ती ग्मीना टेबलावर मांडायचे. शेवेची ओळ म्हणजे नदी. मिठाचं भांडं म्हणजे लाकडी चर्च. चकल्यांचे तुकडे म्हणजे वाड्या, आणि मधोमध शंकरपाळं म्हणजे पंचायतीचं ऑफिस. "हे बघ, हा आमचा सासरा. गावाचा पाटील म्हण. दारावर लाल पाटी, रात्री-अपरात्री कुणीही उठवावं. ही अग्निशामक दलाची शेड. सगळे बिनपगारी. आग लागली की शेतातलं काम टाकून पळतात. गावातली लग्नंही त्याच शेडमध्ये, आणि मयताचं जेवणही तिथेच." जमीन रेताड, राय नावाचं धान्य आणि बटाटे एवढंच पिकायचं, विजेच्या खांबांवर करकोचे घरटी करायचे आणि वायरमन आपली कामं त्यांच्या कलानं करायचे. हे सगळं ते इतक्यांदा सांगत की आमच्या मुलांनी त्यांचं नाव "अंकल ग्मीना" ठेवलं होतं. नवरा चिडवायचा, "सदाभाऊ, सगळे लोक सासुरवाडीला नावं ठेवतात, तुम्ही एकटेच जिथं तिथं तिचं पोस्टर लावत फिरता."

वहिनी मात्र हसायच्या नाहीत. एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाल्या, "त्याचं ऐकू नकोस. तो तिथं सुट्टीत गेला होता. सुट्टीत कुठलंही गाव छानच असतं." कम्युनिस्ट राजवट गेली आणि तिथलं सरकारी शेत बंद पडलं. गाई विकल्या, ट्रॅक्टर विकले, शेवटी गोठ्यांचे पत्रेसुद्धा विकले. ज्या पुरुषांना आयुष्यभर सकाळी भोंगा वाजला की कामाला जायची सवय, ते आता सकाळी दुकानासमोरच्या बाकावर बसून बाटली फिरवायचे. जरा हातपाय चालणारा जो तो जर्मनीला. पोरं नाहीत म्हणून शाळेला कुलूप. "आता आमच्याकडे एकच जागा वाढते आहे, स्मशान," त्या म्हणाल्या. आपल्या माहेराविषयी असं बोलताना बाईचा आवाज जरा तरी हलावा, पण त्यांचा हलला नाही.

आता खसखशीकडे येते. वहिनींच्या गावात प्रत्येक परसात निळसर खसखशीची एक पट्टी असायचीच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जे जेवण होतं, त्यात मध आणि खसखस घातलेल्या शेवया हव्यातच. त्या नाहीत तर सण नाही. आपल्याकडे अनारशाला खसखस लागते तसंच. आणि या देशात खसखस आणायला सक्त मनाई आहे, ती अमली पदार्थात मोडते. इथं आलेल्या प्रत्येक मराठी बाईला हे पहिल्या दिवाळीच्या आधीच कुणीतरी डोळे मोठे करून सांगतं. मी अनारसे तिळावर थापते. नवीन आलेलं गिऱ्हाईक नाक मुरडतं, "काकू, खसखस नाही?" की माझं ठरलेलं उत्तर असे, "खसखस हवी असेल तर जेलमध्ये मिळेल." सगळे हसत. सदाभाऊ तर हमखास. वहिनीही शेवयांना तीळच लावायच्या. त्या जेवणाच्या वेळी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायची त्यांची पद्धत. अवचित कुणी दाराशी आलं तर उपाशी जाऊ नये म्हणून. सदाभाऊ दर वर्षी विचारायचे, "कोण येणारे गं?" आणि वहिनी दर वर्षी सांगायच्या, "जो येईल तो."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी वहिनींचे वडील गेले. दोघं घाईघाईनं तिकडे गेली. अनुची, म्हणजे त्यांच्या मुलीची, शाळा होती म्हणून ती आमच्याकडे राहिली. त्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या बायकांत एक जुनी समजूत आहे. पाद्रीबाबांना ती बिलकूल आवडत नाही, म्हणून गुपचूप चालते. मेलेला माणूस मायेनं परत येऊ नये म्हणून शवपेटीत मूठभर खसखस टाकायची. तो दाणे मोजत बसतो. मोजून संपत नाहीत तोवर उजाडतं, आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. वहिनींच्या आईनं नवऱ्याच्या पेटीत खसखस टाकली. पण तिला काळजी वेगळीच होती. बापाचा सगळा जीव या लांब गेलेल्या लेकीवर. तो नेमका तिच्या मागे गेला तर? म्हणून उरलेल्या खसखशीची तिनं नवऱ्याच्याच जुन्या चौकड्याच्या शर्टाच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली, आणि लेकीच्या उंबऱ्यावर असू दे म्हणून बॅगेत, काळ्या शालीच्या घडीत, न सांगता ठेवून दिली. सांगितलं असतं तर लेक नको म्हणाली असती. आया असंच करतात. माझी आई माझ्या बॅगेत अंगाऱ्याची पुडी अशीच सरकवायची.

विमानतळावर बॅग उघडली. दोघांची मिळून एकच बॅग होती. तपासणारा अधिकारी तरुण होता, शांत होता. त्यानं पुरचुंडी सोडली, दाणे बोटांत घेऊन बघितले आणि हिंदीत विचारलं, "ये किस का है?" तो शर्टाचा तुकडा वहिनींनी क्षणात ओळखला. त्या तोंड उघडणार तोच सदाभाऊ पुढे झाले. "मेरा है, भाईसाब. हमारे यहाँ एक मिठाई बनती है, उस में डालते हैं." मग वहिनींकडे न बघता, नुसतं शाल घडी करायला दिल्यासारखं करून, पोलिशमध्ये एवढंच म्हणाले, "अनुला आई लागते. बोलू नकोस."

त्या दिवशी वहिनी एकट्याच आमच्या दारात उभ्या राहिल्या. अंगावर अजून हिवाळ्याचा कोट, घामानं चेहरा लाल. अनु धावत आली आणि मागे लिफ्टकडे बघून म्हणाली, "व्हेअर इज बाबा?" वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. उत्तर मीच दिलं, काहीतरी खोटं. पुढे वहिनी वकिलाकडे जाऊन खरं काय ते सांगून आल्या. तो म्हणाला, मॅडम, आता तुम्ही वेगळा जबाब दिलात तर ते खोटं बोलले म्हणून अडकतील आणि तुम्ही पुरचुंडीसाठी अडकाल. मुलगी कुणाकडे ठेवणार आहात? त्यानंतर वहिनी गप्प झाल्या. तसं पाहिलं तर चूक कुणाची म्हणायची? कायदा सगळ्यांना माहीत होता, नव्हता तो फक्त त्या म्हातारीला. मला मात्र राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळत नसे, म्हणून मी तो पिठावर काढायची.

सदाभाऊंनी कोर्टात अनारशाचीच गोष्ट लावून धरली. दुभाष्यानं विचारलं, ही मिठाई तुम्ही स्वतः करता? तर म्हणाले, हो. या माणसानं जन्मात चहासुद्धा स्वतः केला नव्हता! पण दर दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून माझी बडबड ऐकलेली, ती सगळी त्यांनी जशीच्या तशी म्हणून दाखवली. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, गूळ किसून घालायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा आणि उलटायचा नाही. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला. बसणारच. पण विश्वास बसला म्हणून शिक्षा टळली नाही. तुरुंगवास, आणि तो संपला की देश सोडायचा.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा जाळीपलीकडे ते एवढेसे दिसले. डोक्याचा गोटा, शर्ट खांद्यावरून ओघळणारा. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "शुभांगी, अधिक महिना नसताना सासूबाईंनी जावयाला वाण दिलं बघ. अनारसे द्यायचे राहिले, नुसती खसखस आली." असं म्हणून स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. मग त्यांचा आवाज खाली आला. "एक ऐक. सासूबाईंना हे कळता कामा नये. कधीच नाही. म्हातारी नवरा गमावून बसलीय, तिला वाटेल आपण जावयालाही..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. "कंपनीनं मला साइटवर लांब पाठवलंय असं कळवा. यल्ला, निघा आता, वेळ संपली."

त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी न बोलावता वहिनींकडे गेले. एरवी "हालीनाभाभी, हालीनाभाभी" करत केक खायला येणारी मजल्यावरची मंडळी तेव्हा लिफ्टमध्ये त्यांना बघून मजल्यांच्या आकड्यांकडे डोळे लावायची. तुरुंगाचा वारा लागतो म्हणे. टेबलावर चार ताटं होती. अनु म्हणाली, "मॉम, देअर आर ओन्ली टू ऑफ अस." वहिनी म्हणाल्या, "एक बाबाचं. एक जो येईल त्याचं." मग माझ्याकडे बघून त्यांनी जास्तीच्या ताटापुढची खुर्ची ओढली. मी बसले. तीळ लावलेल्या शेवया तिघींनी संपवल्या. सदाभाऊंच्या ताटात वाढलेल्या तेवढ्या सकाळपर्यंत तशाच राहिल्या.

शिक्षा भोगून ते सुटले ते थेट मुंबईच्या विमानात. घरी एकदा येऊन जाणंही नाही. वहिनींनी इकडचं सगळं आवरलं आणि अनुला घेऊन आपल्या गावी गेल्या. भारतात कुणी नोकरी देईना तेव्हा सदाभाऊही तिकडेच पोचले. ज्या ग्मीनेचं त्यांनी आमच्या टेबलावर इतकी वर्षं कौतुक मांडलं, तिथं शेवटी ते खरंच राहायला गेले. पहिले काही महिने फोनवर उत्साह होता. अग्निशामक दलाची बंद पडलेली पाण्याची मोटार त्यांनी दुरुस्त केली. गावानं त्यांना दलाची टोपी दिली. मग हळूहळू फोनवरची वाक्यं आखूड झाली. काम नव्हतं. दुपारी साडेतीनला अंधार पडतो म्हणायचे. एकेका वाडीतला कोण गेला तेवढंच सांगायचे. अमक्यानं गळफास घेतला, तमका पिऊन बर्फात झोपला तो उठलाच नाही. अनु शिकायला शहरात गेली आणि सुट्टीतही यायची टाळायला लागली. एकदा मी मुद्दाम चिडवलं, "काय अंकल ग्मीना, करकोचे काय म्हणतात?" ते म्हणाले, "हिवाळ्यात ते आफ्रिकेला जातात, शुभांगी. तेवढी अक्कल त्यांना आहे." मी फोन ठेवला. हे बोलणं त्या माणसाचं नव्हतंच.

आणि तरी, त्या म्हातारीला त्यांनी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. इतके वाळलात कसे, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, तर वाळवंटातली साइट होती, ऊन फार, म्हणाले. रोज तिची लाकडं फोडायची, तिची शेगडी पेटवायची. ती शेजारणींना सांगायची, माझा जावई किती गुणी, कंपनीचं काम संपलं तर अरबांचा पैसा सोडून माझ्यासाठी इथं आला. वहिनी हे ऐकायच्या आणि उठून बाहेर जायच्या. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "मी सांगून टाकते. मला हे सोसवत नाही." ते म्हणाले, "मला सोसवतंय ना? मग तू कशाला मोडतेस?"

गेले तेव्हा प्रश्न दफनाचा आला. त्यांनी कधीतरी म्हणून ठेवलं होतं, मला इथंच पुरा, मला दुसरं गाव नाही. पाद्रीबाबा जरा घुटमळले, बाप्तिस्मा न झालेला माणूस म्हणून. मग दलाचे गडी गणवेश घालून, कुदळी खांद्यावर टाकून सरळ स्मशानात गेले. आधी गोठलेल्या जमिनीवर लाकडं पेटवून ती मऊ केली, मग खणली. पाद्रीबाबांनी मग अडवलं नाही. दुकानासमोरच्या बाकावरचेसुद्धा त्या दिवशी शुद्धीत आले होते, असं वहिनी म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याशी बोलले. विचारलं, जेवलात का? म्हणाल्या, "हो. आई, मी, आणि ते जास्तीचं ताट. आता नाताळची वाट बघत नाही, रोज मांडते." मी म्हटलं, वहिनी, असं करू नका, जीवाला लागेल. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे फोनवर पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

पेटी बंद करायची वेळ झाली होती. सगळे बाजूला झाले तशी आई काठी टेकत पुढे आली. पदराखाली झाकावं तशी तिनं शालीखाली मूठ झाकली होती. निळसर दाणे, परसातल्या पट्टीतले. जावयाला नीट निरोप द्यायचा, आपल्या माणसाला देतात तसा, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. तिनं मूठ पेटीवर नेली आणि वहिनींनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की दाणे बोटांतून निसटून बर्फावर सांडले.

"आई, नको."

म्हातारी घाबरली. "अगं, नाही घातली तर तो परत येईल."

"येऊ दे," वहिनी म्हणाल्या.